करडवाडीची पाच झाडं

लोहाऱ्यापासून कोसभर अलीकडं, डांबरी रस्त्याच्या उताराला एक सरकारी रोपवाटिका आहे. तिथं रुद्रम्मा अठ्ठावीस वर्षं पिशव्या भरत, बी टोचत आणि झारीनं पाणी घालत आली. शाळा दुसरीपर्यंत, तीही कन्नड, कारण माहेर आळंदच्या बाजूचं. मराठी बोलायची फडाफडा, वाचता मात्र येत नव्हतं. पण दोन बोटं उंचीचं रोप बघून ती सांगायची, हे करंज, हे शिरस, हा आपटा. साहेब लोक पुस्तक उघडायच्या आधी तिला विचारायचे. आसपासच्या गावांतले लोकही कुठं काही अनोळखी उगवलं की डहाळी मोडून तिच्याकडं घेऊन यायचे.

तिची एक रीत होती. "असंल" हा शब्द ती तोंडातून काढत नसे. एक तर नाव सांगायची, नाहीतर "ठावं न्हाय" म्हणून मोकळी व्हायची. त्याला कारण घडलं होतं. कामाला लागली त्या पहिल्याच वर्षी तिनं बसप्पा नावाच्या शेतकऱ्याला "कडुलिंबच असंल" म्हणून तीन रोपं दिली. नऊ वर्षांनी बसप्पा बाजारात भेटला आणि हसत म्हणाला, "अक्का, तुझ्या लिंबाला जांभळी फुलं आलीत की गं." ती बकाणं निघाली होती, पानं लिंबासारखी पण झाड वेगळं. बसप्पा विसरून गेला, रुद्रम्मा विसरली नाही. नऊ वर्षं त्या माणसानं दारात एका झाडाला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली, याचं तिला फार लागलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका मंगळवारी, करडवाडीचा मकबूल मोटरसायकलवरून आला. पन्नाशीचा, शेळ्या राखणारा, गावच्या कब्रस्तानाची देखभालही तोच करायचा. त्यानं पिशवीतून पानांची एक फांदी काढून तिच्यापुढं धरली.

"अक्का, ह्ये कशाचं झाड, तेवढं सांगा. लई अडचणीत आलोय."

"झाडामुळं कसली आली अडचण?"

"कब्रस्तानाला भिंत मंजूर झालीय. मागच्या अंगाला घाणेरीचं रान माजलं हुतं, ते जेसीबीनं काढलं. तर आत ओळीनं पाच झाडं निघाली. नेमकी भिंतीच्या रेषेत. पंचायतीत म्हणले, तोडायची तर अर्ज करा, अर्जात झाडाचं नाव लिहा. गावात कुणालाच नाव ठावं न्हाय. मग लिहू काय, माझं कपाळ?"

रुद्रम्मानं हात पदराला पुसले आणि फांदी घेतली. एका देठाच्या टोकाला पाच पानं, उघड्या पंजासारखी. फांदीच्या टोकाशी लांब दोरीसारख्या देठाला एक कळी लोंबत होती. लिंबाएवढी, गोल, हिरवट. तिच्यावर मखमलीसारखी बारीक लव. रुद्रम्मानं कळीवरून अंगठा फिरवला, परत फिरवला. अशी कळी तिच्या हाताखालून कधीच गेली नव्हती.

तिनं एक पान चुरगाळलं. बोटांना बुळबुळीत लागलं आणि दोन बोटं लांब करताच भेंडीची सुटावी तशी तार सुटली. मग तिनं नखानं कळी उभी चिरली. आत पांढऱ्या पाकळ्या, चुण्या घालून ठेवलेल्या लुगड्यासारख्या दाबून बसवलेल्या, आणि त्यांच्या पोटात बारीक धाग्यांची जुडी.

"जास्वंदाच्या पोटात असती तशी हाय बघा जुडी," ती म्हणाली. "पानाला भेंडीची तार. भेंडी, अंबाडी, कापूस, जास्वंद, ह्यांच्या घरातलं हाय ह्ये."

"मंजे नाव काय?"

"आडनाव कळलं, मकबूलभाई. नाव ठावं न्हाय."

मकबूल तिच्याकडं बघतच राहिला. रुद्रम्माला ठावं न्हाय, हे त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

तो गेल्यावर तिचं कामात मन लागेना. पिशव्यांच्या ओळीतून जाताना हात थांबायचे. सावरीच्या रोपांशी आली तेव्हा तिनं ती फांदी शेजारी धरून पाहिली. पंजा तसाच. पण सावरीच्या कोवळ्या खोडालासुद्धा काटे असतात, ह्या फांदीवर एक काटा नव्हता. आणि सावर फुलते ती शिमग्याच्या आगेमागे, अंगावर एक पान नसताना. तिच्या कळ्या फांदीवर ताठ बसलेल्या असतात. ही कळी भर पानांत होती आणि खाली तोंड करून लोंबत होती.

संध्याकाळी तिनं शबनम म्याडमला फोन लावला. शबनम मूळची तुळजापूरची, तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायची. दर हिवाळ्यात पोरंपोरी घेऊन रोपवाटिकेत यायची आणि सगळ्यांसमोर सांगायची, आज मी नाही, रुद्रम्मा अक्का शिकवणार. रुद्रम्मानं शेजारणीच्या पोरीकडून फांदीचे फोटो पाठवून घेतले.

पाचच मिनिटांत शबनमचा फोन आला. "अक्का, मोबाइलमधलं ॲप तर काटेसावर म्हणतंय."

"त्याला म्हणावं, काटं दाखव."

शबनम हसली. मग तिनं विचारलं, "कळी खाली लोंबतीय का हो? लांब देठाला?"

"व्हय. हातभर देठ हाय."

"अक्का, माझ्या मनात एक नाव येतंय. पण ते झाड मी आजवर एकदाच पाहिलंय, विजापूरला. आणि ते झाड म्हणजे… त्याच्या खोडाला मिठी मारायला दहा माणसं लागतात. फोटोवरून मी सांगणार नाही. शुक्रवारी दुपारनंतर मोकळी आहे. जाऊन बघू या?"

रुद्रम्माला ती पोर तिथंच जास्त आवडली.

शुक्रवारी चारच्या सुमाराला शबनमच्या स्कुटीवर मागं बसून रुद्रम्मा करडवाडीला पोचली. पदराच्या गाठीशी तिनं खुरपं घेतलं होतं, ते कुठंही जाताना तिच्याजवळ असायचंच. आधी दोन पाऊस चांगले झाले होते, सोयाबीन चार-चार पानांवर आलं होतं. मकबूल कब्रस्तानाच्या फाटकाशी उभाच होता. कबरींच्या मधल्या वाटेनं तो त्यांना मागच्या अंगाला घेऊन गेला.

तिथं खरंच पाच झाडं ओळीनं उभी होती. जणू कुणी दोरी धरून लावलेली. पहिलं घागरीएवढ्या बुंध्याचं, मधलं त्याच्या दुप्पट, मग पुन्हा बारीक. कातडं राखाडी, गुळगुळीत, जागोजाग वळ्या पडलेलं. वर पंजापंजांची गर्द पानं आणि त्यांतून दोऱ्या सोडल्यागत लोंबणाऱ्या कळ्या. शेवटच्या झाडाच्या उंच फांदीवर आग्या मोहोळ होतं. झाडांच्या मुळाशी एक लांबट उंचवटा होता, मातीचा, कमरेएवढा. जेसीबीनं घाणेरी खरवडली तेव्हा त्याची एक बाजू उघडी पडली होती. आत काळपट राखाडी धोंडा दिसत होता.

शबनमच्या चेहऱ्यावर निराशा आली. "नाही अक्का. मी म्हणत होते ते झाड हे नव्हे वाटतं. त्याचं खोड राक्षसासारखं असतं. ही तर साधी झाडं आहेत."

"फळ धरतं का ह्याला?" रुद्रम्मानं मकबूलला विचारलं.

"म्या तर न्हाय बघितलं. वर मोहोळ, खाली काटेरी रान. शेळ्याबी आत जात नव्हत्या. लांबून हिरवं दिसायचं, एवढंच."

रुद्रम्मा पहिल्या झाडापाशी उकिडवी बसली. अठ्ठावीस वर्षांची सवय. रोप हातात आलं की ती आधी त्याची मान बघायची. खोड संपतं आणि मूळ सुरू होतं ती जागा. मान मातीत गाडली तर रोप कुजतं, उघडी पडली तर वाळतं. दरेक झाडाला मान असतेच. तिथं खोड थोडं फुगतं, कातड्याचा रंग बदलतो आणि मुळं चारी बाजूंना पाय पसरतात.

ती खुरप्यानं माती ओढू लागली. वीतभर खणलं, मान लागेना. दीड वीत खणलं. खोड पसरत होतं, पण मुळांसारखं नाही. दंड जसा खांद्यात मिसळतो तसं ते खाली कशात तरी मिसळत होतं. त्या खालच्या वस्तूचं कातडंही राखाडीच होतं, आणि खोडाच्या कातड्याला कुठं जोड दिसत नव्हता.

ती उठली आणि दुसऱ्या झाडापाशी गेली. तिथंही तेच. तिसऱ्यापाशी तेच.

"अक्का, काय शोधताय?" शबनमनं विचारलं.

"मान. म्याडम, ह्यांना मानच न्हाय."

दुसऱ्या आणि तिसऱ्या झाडाच्या मधे तो उघडा पडलेला धोंडा होता. रुद्रम्मा त्याच्यापाशी आली. हात ठेवला. उन्हात तापलेल्या धोंड्याला जसा चटका असतो तसा नव्हता. तिनं अंगठ्याचं नख दाबून धोंड्यावर ओढलं.

राखाडी पापुद्रा निघाला. खाली ओली हिरवी रेघ उमटली.

रुद्रम्मा त्या रेघेकडं बघत राहिली. रोप मेलं की जितं, हे बघायला ती रोज शंभर वेळा असं नख ओढत आली होती. हिरवं दिसलं की जितं. तिनं हातभर सरकून पुन्हा नख ओढलं. हिरवं. आणखी सरकली, हिरवं. आपण कुणाच्या तरी अंगावर हात ठेवून उभे आहोत, आणि ते जागं आहे, असं तिला वाटलं. तिनं पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

"मकबूलभाई," ती हळू आवाजात म्हणाली, "फावडं आणा. पर सांभाळून. घाव नका घालू, माती तेवढी ओढा."

"धोंड्याला काय हुतंय अक्का?"

"धोंडा न्हाय त्यो."

मग तिघं लागले. मकबूल फावड्यानं माती ओढायचा, रुद्रम्मा खुरप्यानं, शबनम हातांनी. पोयट्याची मऊ माती होती, तळ्याच्या गाळासारखी, सुटत गेली. बांधापलीकडं कोंडीराम आणि त्याची बायको कडूबाई सोयाबीन खुरपत होते. हे तिघं काय उकरताहेत ते बघायला तेही आले आणि कुणी न सांगता हात लावू लागले. दोन-अडीच तासांत उंचवट्याची एक बाजू मोकळी झाली.

ते खोड होतं. आडवं पडलेलं. माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढं जाड, आणि निम्मं अजून जमिनीतच. हत्ती कुशीवर निजल्यागत त्याच्या अंगावर वळ्या पडल्या होत्या. आणि ती पाच झाडं झाडं नव्हतीच. पडल्यावर आभाळाकडं राहिलेल्या त्याच्या पाच फांद्या होत्या. उभ्या वाढून त्यांचीच पाच झाडं झाली होती.

कडूबाईनं तोंडावर पदर धरला होता. ती म्हणाली, "चाळीस वर्सं झाली मला ह्या घरात येऊन. घाणेरी एवढी नव्हती तवा ह्या टेकाडावरनं भाकरी घेऊन जायाची म्या. ह्याच्या अंगावर पाय देऊन."

"तुला काय ठावं हुतं," कोंडीराम म्हणाला. त्याचाही आवाज खाली आला होता.

मकबूलनं घरी निरोप धाडला आणि त्याची आई अजीजाबी आली. ऐंशी ओलांडलेली म्हातारी, काठी टेकत, कबरींना सलाम करत. सगळं बघून ती तिथंच मातीवर बसली.

"अम्मा, तुमी कधी ऐकलं हुतं का ह्याचं?" मकबूलनं विचारलं.

"झाडाचं न्हाय रे बाबा. पण माझी दादी सांगायची, वरचं तळं एकदा फुटलं हुतं. ती ल्हान असताना. गाळ इथवर आला, गावातली जनावरं वाहून गेली." तिनं खोडाकडं पाहिलं. "तवाच पडलं आसंल बिचारं. माणसं आपापलं आवरण्यात गुंतली. झाडाला कोण बघतंय?"

रुद्रम्मानं मनातल्या मनात जोडून पाहिलं. अजीजाबीची दादी लहान असताना. म्हणजे सव्वाशे वर्षं तरी झाली. तेवढी वर्षं हे पालथं पडून, अंगावर गाळ घेऊन, जगत राहिलं. आणि पडलं तेव्हाच ते केवढं असेल? एवढं खोड काय एका पिढीत होतं?

शबनम खोडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं पावलं मोजत चालत गेली. पलीकडं ओढा होता, त्या बाजूला सव्विसाव्या पावलावर ती थांबली, कारण पुढं खोड जमिनीत शिरलं होतं. परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"अक्का, खोड नाही म्हणून मी नाही म्हटलं. आणि त्याच्यावरच उभी होते."

"आता तरी नाव सांगा," मकबूल म्हणाला.

शबनमनं पश्चिमेकडं पाहिलं. सूर्य टेकायला आला होता. "अर्धा तास थांबा. हे झाड तेच असेल तर कळी आत्ताच उमलेल. दिवसा नाही उमलत ती."

सगळे थांबले. मग्रिबची अजान झाली, मकबूल नमाज पढून परत आला. हाताशी येईल अशा खालच्या फांदीवर एक मोठी कळी होती, लोंबून लोंबून देठ ताणलेला. रुद्रम्मा तिच्यासमोर बसली. अंधार अजून पडला नव्हता. सगळं निळसर झालं होतं.

आधी काहीच होईना. मग कळीच्या टोकाशी एक चीर पडली. रुद्रम्माला वाटलं, आपल्या डोळ्यांना भास झाला. पण चीर वाढली. हिरवं साल पाच ठिकाणी फाटलं आणि त्याचे पाच तुकडे मागं वळू लागले, तव्यावरच्या पापडाच्या कडा वळाव्यात तसे. आतून चुरगळलेलं पांढरं बाहेर पडलं. ते हलत होतं. वारा नव्हता, तरी हलत होतं. पाकळ्यांच्या चुण्या एकेक करून मोकळ्या होत होत्या आणि तळहाताएवढी एकेक पाकळी मागं उलटत होती. शेवटी मधून धाग्यांचा तो झुबका सुटला, खाली तोंड केलेला, पिंजलेल्या कापसाच्या गोळ्यासारखा.

अठ्ठावीस वर्षं तिनं झाडं वाढवली होती. वाढणं तिनं कधी पाहिलं नव्हतं. सकाळी यावं तर काल नसलेलं पान आज असायचं, एवढंच. कुणाच्या डोळ्यांसमोर झाड कधी काही करत नाही अशीच तिची समजूत होती. आणि हे एवढं जुनं, एवढं सोसलेलं झाड तिच्यासमोर, चार माणसांत, न लाजता उघडत होतं. तिला रडू आलं नाही. तिचे हात मात्र आपोआप जोडले गेले.

अजीजाबी पुटपुटली, "सुभानअल्ला."

फुलाचा वास आला. गोड नव्हता, जरा उग्र, ओल्या गोणपाटासारखा. आणि तेवढ्यात डोक्यावरून एक काळी सावली फडफडत गेली. दुसरी आली. वटवाघूळ फुलाला उलटं लोंबलं, क्षणभर, आणि उडून गेलं. फूल नुसतं झुलत राहिलं.

"म्हणून खाली तोंड," रुद्रम्मा म्हणाली. "पाहुणा उलटा येतो म्हणून."

"गोरखचिंच," शबनम म्हणाली. तिनं तो शब्द जपून उच्चारला. "अक्का, हे आपल्याकडचं झाडच नव्हे. समुद्रापलीकडचं, आफ्रिकेतलं. आपल्या देशात ते आपोआप येत नाही. कुणीतरी बी आणल्याशिवाय ते इथं येऊच शकत नाही."

"कुणी आणलं?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही. जहाजानं आलेला कुणी शिपाई असेल, कुणी फकीर, कुणी व्यापारी. बंदरावर उतरून, घाट चढून, इथवर चालत आलेला माणूस. त्याच्या बटव्यात ते बी असेल."

"किती वर्सांपूर्वी?"

"तपासल्याशिवाय मी आकडा सांगणार नाही. काही शतकं, एवढं नक्की."

सगळे त्या खोडाभोवती उभे होते. कबरी मागं अंधुक दिसत होत्या. रुद्रम्माच्या डोळ्यांपुढं तो कोण कुठला माणूस आला. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता, तो त्यानं ओलांडला होता. इथं, ओढ्याच्या काठी, तो थांबला. गुडघ्यावर बसला. बोटानं मातीत भोक पाडून त्यानं एक बी टोचलं. तो पुढं कुठं गेला, कुठं मेला, त्याला पोरंबाळं होती का, कुणाला काही माहीत नव्हतं. बी टोचताना बोट कसं धरायचं तेवढं मात्र तिला पक्कं माहीत होतं. त्यानंही तसंच धरलं असणार.

दुसऱ्या दिवशी मकबूलनं अर्ज लिहून नेला. नाव लिहिलं होतं, पण झाडं तोडण्याची परवानगी मागितली नव्हती. भिंतीची रेषा आत घ्यावी, असं लिहिलं होतं. पंचायतीत थोडी बोलाचाली झाली. भिंत वाकडी होईल, असं एक सदस्य म्हणाला. अजीजाबी स्वतः काठी टेकत गेली आणि म्हणाली, "होऊ द्या वाकडी. आमाला तिथं निजायचंय, आमाला चालती." पंचायतीनं रेषा आत घेतली. पावसाळ्यानंतर भिंत बांधली, ती मागच्या अंगाला कमान घेऊन गेली.

पण ओढ्याकडचं टोक तसंच राहिलं होतं. मुळं कुठं आहेत हे कुणी पाहिलं नव्हतं. दिवाळीनंतर सोयाबीन निघालं तेव्हा कोंडीरामनं रुद्रम्माला मुद्दाम निरोप धाडला. ती रविवारी गेली. त्यानं तिला ओढ्याकडच्या बांधावर नेलं. पावसानं दरड थोडी ढासळली होती आणि तिथं मुळांचा उपटलेला जुना पसारा उघडा पडला होता. बहुतेक सगळा कुजलेला, हात लावताच भुगा होणारा. फक्त एका बाजूला एक मूळ धड होतं, बैलाच्या मानेएवढं. ते वळून जमिनीत उतरलं होतं आणि तिथून कोंडीरामच्या रानाखाली गेलं होतं.

"सगळी तुटली, ह्ये एकच धरून राहिलं," कोंडीराम म्हणाला. "ह्याच्या जिवावर पाचजण उभं हायेत."

रुद्रम्मानं मुळाच्या दिशेनं पाहिलं. समोर मोकळं काळं रान, नांगरायला तयार.

"नांगर कुठवर घालू, त्ये तुमीच सांगा," तो म्हणाला.

तिनं खुरपं काढलं आणि बांधापासून चालायला सुरुवात केली. दर दहा पावलांवर वाकायची, माती बाजूला सारून बघायची. मूळ लागलं की पुढं सरकायची. कोंडीराम मागून बोरीच्या काटक्या रोवत येत होता, नांगराला खूण म्हणून. रानाच्या दुसऱ्या टोकाच्या विहिरीपाशी पोचली तरी मूळ संपलं नव्हतं.